विटाळ साठला नव्हता

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भांडुपच्या डोंगरउतारावरची वस्ती, लसीकरणाचा दिवस, बाकावर बाळं रडतायत. त्या गर्दीतून एक सासू सुनेला दंडाला धरून थेट माझ्या टेबलापाशी आली.

"सिस्टर, हिला चार महिने पाळी नाही. त्या सुईनं सगळा विटाळ आत साठलाय. पोट बघा कसं तट्ट झालंय!"

सून चोवीस-पंचवीसची, कडेवर दहा महिन्यांचं बाळ. रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून तिने 'अंतरा'चं, म्हणजे मूल राहू नये म्हणून घ्यायच्या इंजेक्शनचं, कार्ड काढलं. दोन डोस झालेले, तिसरा त्याच आठवड्यात. दोन्ही सह्या माझ्या.

लघवीची तपासणी केली. एकच रेघ. दिवस गेलेले नव्हते. त्याच पिशवीत मेडिकलमधून आणलेल्या 'पाळी यायच्या' गोळ्या होत्या. रात्री घेणार होती. माझ्या पोटात गोळा आला.

पहिल्या डोसला मी तिला काय सांगितलं होतं? "पाळीत थोडा फरक पडेल, घाबरू नकोस." रांग मोठी होती, म्हणून एवढंच. हा 'थोडा फरक' म्हणजे सुरुवातीला अवेळी डाग, मग पाळी लांबत जाणं, आणि वर्षभर इंजेक्शन घेणाऱ्या साधारण निम्म्या बायकांची ती बंदच होणं. हे सुई टोचायच्या आधी सांगायचं असतं. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत हे इंजेक्शन फुकट मिळू लागलं. १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी. रोजची गोळी विसरणाऱ्या, तांबीला घाबरणाऱ्या कितीजणींना मी ते स्वतःहून सुचवलंय. त्यातल्या किती जणी अशाच धास्तावून परत आल्याच नसतील?

बाकीचं काम दुसऱ्या सिस्टरकडे देऊन मी दोघींना आत बसवलं.

"मावशी, दूध तापवलंच नाही तर साय धरेल का?"

"कशी धरेल?"

"तसंच. या औषधानं अंडं बाहेर पडत नाही, पिशवीच्या आतलं अस्तर पातळच राहतं. बाहेर पडायला काही तयारच होत नाही, तर साठणार काय?"

मावशी गप्प झाल्या. सुनेने मात्र आता विचारलं, "पुढे दुसरं मूल हवं झालं तर?"

"राहील. इंजेक्शन थांबवल्यावर लगेच नाही. शेवटच्या डोसपासून सात ते दहा महिने धरून चाल. वर्षभरातच हवं असेल तर दुसरा उपाय बघू."

"पोरगी शाळेत जाईस्तोवर नको," ती म्हणाली. मग हळूच, "मागल्या वेळी हात ठणकत होता, मीठ गरम करून शेकला. चोळलाही."

तेही मी सांगितलं नव्हतं. शेकलं-चोळलं की औषध लवकर पसरतं आणि तीन महिने पुरेल याची खात्री राहत नाही.

तिसरा डोस घ्यायचा की नाही, हे मी तिच्यावर सोडलं. तिने बाही वर केली. सुई काढली तसा तिचा दुसरा हात सवयीने दंडाकडे गेला. सासूने तो मधेच धरला. "चोळू नको गं."

गोळ्यांचं पाकीट मावशींनी माझ्या टेबलावर ठेवलं.