पाणी वाढत असताना

जुलै, बुधवार, रात्री उशिरा

कोल्हापुरात पाऊस उघडायचं नाव घेत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी काल ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट. दूधवाला, रिक्षावाला, भाजीवाली, ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "किती फूट झालं?" आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, माप मात्र जुनं आहे. शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली का, म्हणजे पुलावरच्या माशाच्या आकारापर्यंत पाणी चढलं का, एवढंच त्या विचारतात आणि त्यावरून पुढचा सगळा अंदाज बांधतात.

आमच्या घरापर्यंत पाणी येत नाही. तरी थोरल्याच्या मनातून २०१९ गेलेलं नाही. तेव्हा तो बालवाडीत होता. बालिंग्याचा उपसा बंद पडून नळ कोरडे, टँकरमागे घागरींच्या रांगा, पुणे-बेंगळुरू हायवे बंद, आणि त्याचे पप्पा पलीकडे शिरोली एमआयडीसीत अडकलेले. पाणी त्याला फारसं आठवतच नाही. आठवतं ते हे, की पप्पांचा फोन लागत नव्हता आणि मोठी माणसं दाराआड हळू आवाजात बोलत होती. इतक्या वर्षांनी मध्येच एकदा जेवताना त्यानं हे सांगितलं आणि मी तो घास घेऊन तशीच बसून राहिले. पोराला पुराची भीती नव्हती. आपलं माणूस कुठं आहे हे कळत नव्हतं, त्याची भीती होती.

तेव्हापासून पावसाळ्यात आमच्याकडं काही गोष्टी ठरलेल्या आहेत. पाण्याची पातळी दिवसातून एकदा सांगायची, संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर. थोरला ती कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहितो. आधी दर तासाला विचारायचा, आता वेळ झाली की स्वतःच पेन घेऊन उभा राहतो. जे सांगायचं ते खरं सांगायचं. "काही होत नाही रे" हे वाक्य मला पटत नाही, कारण काहीतरी होतंय हे पोराला दिसत असतं. मग खोटं कोण बोलतंय, आपले डोळे की मम्मी, या कोड्यात ते पडतं. त्यापेक्षा, पाणी वाढलंय, आपल्या गल्लीत येणार नाही, रस्ता बंद झाला तर पप्पा कंपनीतल्या मित्राकडं राहतील आणि रात्री फोन करतील, एवढं सांगितलं तरी पोरगं खेळायला निघून जातं.

टीव्हीवरच्या बातम्या पोरं झोपल्यावर. मोबाईलवर जुन्या पुराचे व्हिडिओ फिरतात, ते तर पोरांसमोर लावायचेच नाहीत. धाकटीला जुनं-नवं कळत नाही. तिच्या लेखी प्रत्येक व्हिडिओतलं घर आत्ता, या क्षणी बुडत असतं.

आणि आपला चेहरा. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात एक प्रयोग केला होता. आई बाळाशी हसतखेळत असते, मग सांगितल्याप्रमाणं ती चेहरा अगदी निर्विकार करते. बाळ हसून बघतं, हात पुढं करतं, आवाज काढतं. आई हलत नाही. काही मिनिटांतच बाळ कासावीस होतं, तोंड फिरवतं, रडतं. कुणी ओरडलं नाही, मारलं नाही, फक्त समोरचा चेहरा बंद झाला. पावसाच्या दिवसांत ग्रुपवर पातळी बघत बसलेल्या घराघरातल्या मोठ्यांचे चेहरे असेच होतात. म्हणून संध्याकाळी जेवणं उरकेपर्यंत आमचे फोन फ्रिजवर असतात. यांचा फोन बाहेरगावी असताना येतो म्हणून तेवढी रिंग चालू.

शांत घर म्हणजे हळू आवाजातलं घर असं मात्र मला वाटत नाही. आमच्या कोल्हापुरात कोण हळू बोलतं? आत्या स्वयंपाकघरातून हाक मारतात ती गल्लीच्या टोकाला ऐकू जाते, आणि तिच्यातली माया धाकटीला बरोबर कळते. आवाज मोठा असला तरी चालतो. त्या आवाजात धमकी असली की पोर आत आक्रसतं. परवा बाजारात एक बाई हट्ट करणाऱ्या पोराला म्हणत होती, "गप बस, न्हाईतर पाण्यात सोडून येतो बघ." पोरगं खरंच गप्प झालं. माझ्या पोटात कालवलं. बाई दमलेली होती, दोन्ही हातांत पिशव्या, वर पाऊस. तिच्यावर माझा राग नाही. पण ज्याची पोराला खरी भीती आहे, तेच त्याला धाकासाठी वापरायचं हे मला कधीच मान्य होणार नाही.

उलट बाजूनंही लोक चुकीचं समजतात. जेंटल पेरेंटिंग, म्हणजे मार-धाक न देता पोरं वाढवणं, म्हटलं की लाड, असं आमच्या नात्यातल्या कितीतरी जणांना वाटतं. थोरल्याला या रविवारी मित्रांबरोबर सायकलवरून घाटावर पाणी बघायला जायचं होतं. अख्खं कोल्हापूर पाणी बघायला जातं, त्यामुळं हट्ट रास्त. मी नाही म्हटलं. तो रडला, दार आपटलं, "सगळे जातायत" झालं. रडू दिलं, पण नाही ते नाहीच. तासाभरानं बाहेर आल्यावर जेवायला वाढलं, टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी पप्पा त्याला घेऊन गेले, लांब उभं राहून दोघांनी पाणी बघितलं.

काल वन्सं आल्या, चिखलीहून, भाच्याला घेऊन. पाणी गावाच्या रस्त्यावर यायच्या आत माणसं बाहेर काढायला सांगितलं होतं. दाजी जनावरांसाठी मागं राहिलेत. भाचा आठ वर्षांचा. आल्यापासून एक शब्द नाही. रात्री पोटात दुखतंय म्हणाला. आत्यांनी ओवा दिला, शेक दिला. सकाळी परत दुखायला लागलं. वन्सं चिडून म्हणाल्या, "नाटकं करतंय, वहिनी." मला तसं वाटलं नाही. या वयाची भीती तोंडातून कमी आणि अंगातून जास्त बाहेर पडते. पोट दुखतं, अंथरूण ओलं होतं, पदर सुटत नाही, एकच प्रश्न दहादा विचारला जातो. अंथरूण आज ओलं झालंच होतं. आत्यांनी कुणाला कळायच्या आत चादर भिजत घातली आणि त्याला म्हणाल्या, "ऊठ बाळा, चहा-बटर खा." बस्स, तेवढंच. माझ्या सासूकडून मी किती शिकते हे त्यांना कधी सांगितलेलं नाही, इथं लिहून ठेवते.

दुपारी धाकटीनं ताटात पाणी ओतून पूर केला. बाहुल्या बुडवल्या, बाहेर काढल्या, परत बुडवल्या. वन्सं थांबवायला उठल्या, मी म्हटलं राहू दे. पोरं असं खेळूनच भीती हाताळतात. भाचा आधी लांबून बघत होता. मग आत जाऊन काड्याच्या पेटीचा गोठा करून आणला, ताटाशेजारी उंच डब्यावर ठेवला. धाकटीनं विचारलं, "यात कोण हाय?" तेव्हा पहिल्यांदा तो बोलला. "चंद्री. ती गाभण हाय. तिला पोहता येतं, पण पप्पांना चांगलं येत न्हाई."

एवढं साठवून बसला होता.

वन्संच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांना मी बाजूला घेऊन सांगितलं, लपवू नका, त्याच्यासमोर रडलात तरी चालेल, फक्त का रडताय ते त्याला सांगा. मग त्यांनी त्याला जवळ घेतलं. पप्पा कुठं आहेत, जनावरं माळावर वरच्या अंगाला कशी हलवलीत, सोबत गावातले कोण कोण आहेत, नाव आणि जागेसकट सांगितलं. त्यानं मध्येच विचारलं, राधानगरीचे दरवाजे उघडले तर? थोरला पुढं झाला. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात, उघडले की बातमी येते, पाणी इथवर पोचायला वेळ लागतो. कागदावर पंचगंगा ज्यांच्यापासून होते त्या भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी काढून दाखवल्या. गुप्त सरस्वती तुटक रेषेनं. दोघं त्या कागदावर पालथे पडून तासभर होते. पोटदुखीचं कुणी नाव काढलं नाही.

आता ठरलंय ते असं. रोज संध्याकाळी सातला दाजींचा व्हिडिओ कॉल. रेंज नसली तर शेजारच्या मळ्यातून, आणि तेही जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा पर्यायही भाच्याला आधीच सांगून ठेवलाय. आज दाजींनी चंद्रीचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरलं. भाचा तिला ओरडून म्हणाला, "चारा खाल्लास का?" घर दणाणलं.

आज ४१ फूट लिहिलंय. उद्यापासून कॅलेंडरवर भाचा लिहिणार आहे, थोरल्यानं पेन त्याच्याकडं दिलंय. शाळेला सुट्टी जाहीर झाली तर सकाळी तिघांना अभ्यासाला बसवायचं आणि दुपारी झोपवायचं, नेहमीच्याच वेळेला. वन्संना जास्तीची चादर काढून द्यायची राहिली आहे.