क्रिगिंग व्हेरियन्स म्हणजे ग्रेडची खात्री नव्हे

रायगड-रत्नागिरीकडच्या बॉक्साइट साठ्याचं ब्लॉक मॉडेल (ठोकळ्यांत विभागलेला साठा) उघडलं की ग्रेडच्या, म्हणजे धातूच्या टक्केवारीच्या, शेजारी क्रिगिंग व्हेरियन्सचा रकाना असतो. क्रिगिंग म्हणजे आजूबाजूच्या नमुन्यांवरून ब्लॉकच्या ग्रेडचा अंदाज काढायची पद्धत; व्हेरियन्स म्हणजे विखुरण्याचं माप. पुष्कळ जण तो ‘चूक किती’ म्हणून वाचतात. तसा वाचू नये.

दोन ब्लॉक घ्या. दोन्ही 50 मीटरच्या जाळीत, चार बोअरहोलच्या (नमुन्यासाठी पाडलेल्या छिद्रांच्या) बरोबर मधोमध. पहिल्याभोवती अ‍ॅल्युमिना 44, 45, 44, 45 टक्के. दुसऱ्याभोवती 31, 54, 38, 55. व्हेरिओग्राम (अंतर वाढलं की मूल्यांतला फरक किती वाढतो त्याचा आलेख) एकच आणि सर्व दिशांना सारखा असेल तर अंदाज दोन्हीकडे 44.5 आणि व्हेरियन्सही तोच, कारण त्या सूत्रात नमुन्यांची अंतरं येतात, मूल्यं येतच नाहीत. बोअरहोल कुठे वाढवायचे ते ठरवायला हा आकडा चांगला, बस.

मग सिम्युलेशन करा, म्हणजे नमुन्यांशी जुळणाऱ्या साठ्याच्या अनेक शक्य आवृत्त्या काढा, असा सल्ला मिळतो. बरोबर आहे, पण गॉसियन सिम्युलेशनही (मूल्यं आधी घंटाकृती वितरणात बदलून केलेलं) या जोडीत फारसा फरक दाखवणार नाही. 36, 40, 44, 48 अशा उंबरठ्यांवरचं इंडिकेटर सिम्युलेशन (मूल्य उंबरठ्याच्या वर की खाली, एवढंच पाहणारं) दाखवेल. त्याआधी कोअर (बोअरहोलमधून काढलेला दगड) पुन्हा पाहा: तो 31 म्हणजे कंपोझिटमध्ये (ठराविक लांबीला एकत्र केलेल्या नमुन्यात) शिरलेली बॉक्साइटखालच्या लिथोमार्जची माती असेल, तर दोष डोमेनच्या, म्हणजे एकजिनसी धरलेल्या भागाच्या, सीमेत आहे.

साधारण 100 आवृत्त्या काढा, 5 मीटरच्या बारीक नोडवर, आणि मगच ब्लॉकपुरती सरासरी घ्या. गॉसियन पद्धतीत मूल्यं आधी मूळ टक्क्यांत परत आणायची, सरासरी नंतर. वर्षाच्या उत्पादनासाठी प्रत्येक आवृत्तीत त्या वर्षाच्या ब्लॉकांची टनानुसार सरासरी काढा, 100 आकडे चढत्या क्रमाने लावा, 5वा आणि 95वा वाचा. एकेका ब्लॉकचे पी10 (ज्याच्या खाली 10 टक्के आकडे येतात ते मूल्य) काढून त्यांची सरासरी घेतली तर ती वर्षाची पी10 होत नाही. वर्षभरात ब्लॉकांचे चढउतार एकमेकांना खातात, पी10च्या सरासरीत ते धरलं जात नाही, त्यामुळे आकडा विनाकारण खाली येतो. शिवाय व्हेरिओग्राम आपण खरा धरलेला असतो. नगेट (अगदी जवळच्या नमुन्यांतही उरणारा फरक) कमी-जास्त करून दोन-तीनदा चालवल्याशिवाय 5वा ते 95वा हा पट्टा अहवालात घालू नये.

नमुन्याची चूक वेगळी काढा. डुप्लिकेट जोड्यांच्या (एकाच नमुन्याच्या दोन भागांच्या) फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज, भागिले जोड्यांच्या दुप्पट: हा झाला व्हेरियन्स. फील्ड (जागेवर घेतलेला नमुना), क्रश (फोडलेला) आणि पल्प (बारीक दळलेला) अशा तिन्ही टप्प्यांवर तो काढला की चूक कुठे शिरते ते कळतं. बहुतेकदा ती पहिल्या विभागणीत असते. वजन तेवढंच ठेवून तुकडे निम्म्या आकाराचे केले तर तिथला व्हेरियन्स साधारण आठव्या हिश्श्यावर येतो.

आणि नवी मुंबईच्या तुर्भे-महापे पट्ट्यातल्या प्रयोगशाळेत पावसाळ्यात पल्प उघडा ठेवला तर तो हवेतलं पाणी ओढतो, अ‍ॅल्युमिना कमी दिसतं. 105 अंशांवर सुकवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, लगेच वजन घ्या.