नव्व्याण्णवी, नोंद १४: गाडी नाही, घड्याळ बिघडलेलं होतं

मंडळी, सापडलं! आपल्या नव्व्याण्णवीत, म्हणजे ९९ रुपयांच्या सीडीवरच्या त्या जुन्या कार-शर्यतीच्या गेममध्ये, घाटाच्या ट्रॅकवर आपल्या लॅप टाइममध्ये जो न जुळणारा फरक येत होता, त्याचं मूळ गुरुवारी हाती लागलं. टायरची पकड नाही, स्टीअरिंगचा डेड झोन (चाक फिरवूनही गाडी वळत नाही तो मधला भाग) नाही, जुने गेम नव्या विंडोजवर दाखवणारं डीजीव्हूडूही नाही. गेमचं घड्याळच खोटं चालतंय.

आधी आपल्यातल्या सांगलीकरांची माफी मागतो. चौथ्या ट्रॅकवर त्यांचा १:२१ आणि माझा १:२७ बघून मागच्या नोंदीत मी त्यांच्या गाडीच्या फाइलवर शंका घेतली होती. फाइल अगदी मूळ होती. फरक होता तो मॉनिटरचा. त्यांचा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, माझा ६०चा.

बुधवारी रात्री मी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो. हिरवा दिवा लागला की स्टॉपवॉच सुरू, गेमच्या घड्याळात दीड मिनिट झालं की बंद. माझ्या मॉनिटरवर उत्तर आलं ९३.८ सेकंद. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा तेवढंच, एक-दोन दशांशांचा फरक. सांगलीकरांना त्यांच्याकडे मोजायला सांगितलं, तर १०४! म्हणजे त्यांच्याकडे अख्खा गेम माझ्यापेक्षा दहा टक्के संथ चालत होता. वळणाआधी विचार करायला तेवढा जास्त वेळ त्यांना मिळत होता, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

गुरुवारी दुपारी आमच्याकडे नेहमीप्रमाणे वीज गेली, म्हणून वही काढली आणि नुसते भागाकार करत बसलो. १४४ एफपीएसला (सेकंदाला १४४ फ्रेमा, म्हणजे चित्रं) एक फ्रेम ६.९४ मिलिसेकंदांची. गेम त्यातले पूर्ण ६च धरतो असं मानून ६ला ६.९४ने भागलं तर ०.८६४. आणि ९० सेकंदांना ०.८६४ने भागलं तर बरोबर १०४! ६०साठी तेच करून बघितलं. फ्रेम १६.६७ची, गेम धरतो १६, गुणोत्तर ०.९६, उत्तर ९३.७५. वहीतल्या त्या आकड्याखाली मी दोन रेघा ओढल्या.

तर प्रकार असा आहे. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला हे गेम नीट मोजतो, पण ते पूर्ण मिलिसेकंदांत साठवताना अपूर्णांक टाकून देतो आणि पुढच्या फ्रेमलाही तो परत जोडत नाही. सीडी आली त्या काळात आपल्या पीसीवर हा गेम रडतखडत ३० एफपीएस द्यायचा. तेव्हा ३३.३३चे ३३ व्हायचे, एक टक्का जायचा, तो कुणाच्या लक्षात येणार? बनवणाऱ्यांनी ही चाचणी कधी केलीच नसणार, आणि ९९ रुपयांच्या सीडीसाठी ती करायला कुणी पैसेही दिले नसते.

उपाय सोपा वाटला. हजाराला नि:शेष भागणारा आकडा घ्यायचा. रिवाट्यूनर या फ्रेमांना मर्यादा घालणाऱ्या प्रोग्रामात १०० एफपीएसची मर्यादा घातली, म्हणजे फ्रेम बरोबर १० मिलिसेकंदांची. स्टॉपवॉच लावलं, आले ९४.६. पुन्हा मोजलं, ९२.९. पुन्हा, ९५.१. आता तर दर वेळी वेगळं! आधी निदान चूक तरी एकसारखी होती. रात्री साडेअकरापर्यंत केबलपासून ड्रायव्हरपर्यंत सगळं तपासून झालं.

शेवटी रिवाट्यूनरचा फ्रेमटाइमचा आलेख नीट मोठा करून पाहिला. रेघ सरळ दिसते, पण ती सरळ नाही. एक फ्रेम १०.०२, पुढची ९.९८, मग १०.०१, मग ९.९९. आणि ९.९८ मधला अपूर्णांक टाकला की काय उरतं? ९! मी मुद्दाम काठावर जाऊन उभा राहिलो होतो, आणि जवळपास निम्म्या फ्रेमा काठावरून खाली पडत होत्या.

म्हणून मर्यादा ९९ ठेवा. फ्रेम १०.१ची होते, वरखाली झाली तरी १०च्या खाली येत नाही, आणि नुकसान एकसारखं एक टक्का राहतं. पावणेदोनला मोजलं तेव्हा ९०.९ आलं, सलग सहा वेळा. नव्व्याण्णवीला ९९च लागू पडावा याचा मला फार आनंद झाला. रिवाट्यूनर फुकट आहे आणि फ्रेमा बांधून ठेवण्यात मला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही सापडलेलं नाही. ग्राफिक्स कार्डाच्या पॅनेलमधल्या मर्यादेवर माझी रेघ याहून जास्त हलते.

पेडलचं थोडक्यात सांगतो. माझ्या ब्रेक पेडलची मध्येच उडी मारायची खोड थांबली. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून दहा किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (पेडल किती दाबलं ते ओळखणारा, फिरवला की रोध बदलणारा भाग) आणून बसवला. घेताना अंगावर ‘बी’ लिहिलेला लिनिअरच मागा. ‘ए’वाला आवाजाच्या बटणासाठी असतो, त्याने ब्रेक सुरुवातीला लागतच नाही आणि शेवटी एकदम दाबला जातो. दुकानदाराने स्वतः मीटर लावून दाखवला, तेव्हा गल्लीत जायचं तर मोजून देणाऱ्याकडेच जा.

इथपर्यंत लिहिलं आणि डोक्यात आलं, फ्रेमा बांधायच्याच कशाला? गेम वेळेला १०००ने गुणतो, अपूर्णांक टाकतो आणि पुढे ०.००१ने गुणून परत सेकंद करतो. हे दोन आकडेच बदलले तर? १००० ऐवजी दहा लाख, आणि ०.००१ ऐवजी त्याचा व्यस्त. मग अपूर्णांक टाकला तरी जातो तो मायक्रोसेकंदाचा तुकडा. नवा कोड लिहायचा नाही, आठ बाइट बदलायचे. नोंद अर्धी ठेवून उठतोय.

शनिवार, संध्याकाळ. घिड्रा या प्रोग्रामची फाइल उलगडून दाखवणाऱ्या साधनाने जागा दाखवली. (२०१९ पासून फुकट मिळतं, मी उगाच इतकी वर्षं फाइलचे नुसते बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये अंदाजाने चाचपडत होतो.) १००० म्हणजे फाइलमध्ये ०० ०० ७ए ४४. तिथे ०० २४ ७४ ४९ लिहिलं, दुसरा आकडाही बदलला आणि गेम सुरू केला. घड्याळ अचूक! मर्यादा काढून टाकली तरी ९०.०. पण आरपीएमचा काटा शून्यावर मेला आणि ट्रॅकवरचं धुकं गायब झालं.

कारण कळायला तास गेला. कंपायलरने (लिहिलेल्या कोडची चालणारी फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामने) १००० आणि ०.००१ हे आकडे फाइलमध्ये एकेकदाच ठेवलेत आणि ज्याला लागेल तो तिथूनच उचलतो. धुकं १००० मीटरवर संपतं, त्यालाही तोच १०००. काटा आरपीएमला ०.००१ने गुणतो, त्यालाही तोच ०.००१. मी एका गिऱ्हाइकासाठी अख्ख्या बाजाराचं वजनमाप बदललं होतं.

पण धुकं गेल्यामुळे जे दिसलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. घाटाच्या तिसऱ्या वळणावर दरीपलीकडे, जिथे वीस वर्षं आपल्याला करडा पडदाच दिसतोय, तिथे एक पवनचक्की आहे. पाती फिरतात. कॅमेरा जवळ नेऊन पाहिली, खाली दार आहे, दाराला दोन पायऱ्या आहेत. धुक्याच्या पलीकडची वस्तू, रस्त्यावरून कुणालाही दिसली नसती, तरी कुणीतरी बसून तिला पायऱ्या केल्या. या गेमवर मी इतका जीव का लावतो ते मला कधी नीट सांगता आलं नाही. त्या पायऱ्या बघा. गाडी मागून सुटते आणि हलक्या हाताने परत ओळीत येते, ते वजनही अशाच कुणीतरी बसवलंय. झाडांतून गाडी आरपार जाते, प्रतिस्पर्धी रुळावरच्या डब्यांसारखे पळतात, सगळं खरं. पण स्टीअरिंग हातात घेतलं की हा गेम आपल्याशी बोलतो.

आता दुरुस्तीची दिशा बदलली. जुने १००० आणि ०.००१ जागेवर ठेवायचे. डेटाचा विभाग ५१२ बाइटच्या पटीत भरलेला असल्याने शेवटी रिकामे शून्य आहेत, तिथे माझे स्वतंत्र आकडे ठेवले आणि घड्याळाच्या सूचनांमधले पत्ते तेवढे त्यांच्याकडे वळवले. काटा जिवंत झाला.

दहा लाखही मागे घेतला. एकूण वेळ गेम ३२ बिटांच्या पूर्णांकात साठवतो, मायक्रोसेकंदांत तो ३५ मिनिटं ४७ सेकंदांनी उलटा होऊन ऋण दाखवेल, आणि नाशिककर तर चाळीस फेऱ्यांच्या शर्यती खेळतात. म्हणून एक लाख घेतला. आता पावणेसहा तासांनंतरही घड्याळ सरळ चालेल.

सगळे जुने लॅप टाइम बाद, माझा तिसऱ्या ट्रॅकवरचा पहिला नंबरही बाद. पॅच (ही दुरुस्ती करणारी फाइल) घेऊन नव्याने टाइम लावा. धुकं मात्र पूर्ण काढायचं नाही, कारण मग घाटाच्या खाली जमीनच नाही हे दिसतं. त्यालाही वेगळा आकडा देऊन हद्द ३००० केली आहे.

आज रात्रीचा पहिला लॅप १:२९. तिसऱ्या वळणावर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर दिसते तशी ती पवनचक्की धुक्यातून हळूच वर आली, आणि मी ब्रेक उशिरा दाबला.