बोली लागली, पैसे आले नाहीत

आज सहावा दिवस. बाबांच्या वॅगनआरला ऑनलाइन लिलावात ज्याने सगळ्यात मोठी बोली लावली, १ लाख ८५ हजारांची, त्याने ४८ तासांत पैसे भरायचे होते. रोज एकच उत्तर, "दादा, उद्या नक्की."

आज तो घरीच आला. म्हणाला, गाडी न्यायला माणूस आणलाय, गाडीची मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्या, पैसे संध्याकाळी टाकतो. मी स्पष्ट नाही म्हटलं. आईला वाटलं मी फार कडक बोललो. पण आरसीवर नाव आपलं असताना गाडी दुसऱ्याच्या हातात देणं किती महागात पडतं, हे तिला समजावून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकालच आहे: मधे गाडी कितीही हातांत फिरलेली असो, आरटीओच्या नोंदीत जो मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते.

पाच हजारांची अनामत जप्त होईल त्याची. पण माझं नुकसान तेवढंच नाही. दुसऱ्या नंबरची बोली लावणारे काका खरंच गरजू होते, मुलीला कॉलेजला जायला गाडी हवी होती. आज त्यांना फोन केला, तर त्यांनी कालच दुसरी गाडी घेतलेली. फार वाईट वाटलं. बोली लावणं म्हणजे शब्द देणं असतं हो, त्यावर दुसऱ्या घरातले बेत ठरतात!

आता पुन्हा लिलाव. या वेळी पूर्ण रक्कम खात्यात जमा झालेली बँकेत पाहीन, स्क्रीनशॉटवर नाही, आणि मगच किल्ली.