विभागीय परीक्षा आणि टेबलावरचे सहा गठ्ठे

सध्या रात्री जेवणं उरकली की विभागीय परीक्षेचा अभ्यास, आणि खरं सांगू का, कलमं एकवेळ पाठ होतात पण कार्यालयीन कार्यपद्धती उघडली की जांभया सुरू. म्हणून पुस्तक बाजूला ठेवून ऑफिसात स्वतःच्या टेबलावरच सहा गठ्ठे लावले, प्रलंबित प्रकरणं, उत्तराची वाट बघणारी, नियतकालिकं म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल, स्थायी आदेश, रेकॉर्ड रूमला जाणारी आणि शेवटी नष्ट करायची. हाताने लावलं ना की डोक्यात बसतं!

कुठला कागद किती काळ जपायचा याची वर्गवारी तशी सोपीये, अ कायम, ब 30 वर्षं, ड एक वर्ष... मधल्या क मध्ये मात्र सगळ्यांचाच घोळ होतो, त्याचा तक्ता कपाटाला आतून चिकटवलाय. आमचे भाऊसाहेब म्हणतात अर्जदार समोर उभा असताना फाइल सापडली की झालात पास.

आता कुणी म्हणेल ई-ऑफिस आलंय, हे कशाला? अहो, माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4 वाचा, अभिलेख सूचीबद्ध ठेवणं बंधनकारकच आहे, मग ते स्क्रीनवर असोत नाहीतर लाल रुमालात बांधलेले.

बरं, जुन्या प्रश्नपत्रिका कुणाकडे असतील तर कळवा, झेरॉक्सचे पैसे देतो.