वाळूतलं डांबर, टाकीतलं डिझेल

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात राहतो म्हटलं की घरचे विचारतात, तुमच्याकडे तेलाच्या विहिरी किती? इथल्या फोर्ट मॅकमरी गावाच्या उत्तरेला मात्र तेल चक्क खणून काढतात. काळी चिकट वाळू उपसायची आणि गरम पाण्याने धुऊन डांबर सोडवायचं. साधारण दोन टन वाळूमागे एक बॅरल तेल मिळतं. इथले मूळ रहिवासी हेच डांबर झाडाच्या राळेत मिसळून होड्यांच्या फटी बुजवत.

हे डांबर थंडीत हलतही नाही, मग इंजिनात काय जाणार? त्याच्या लांबलचक रेणूंत कार्बन जास्त, हायड्रोजन कमी. म्हणून उपाय दोनच: कार्बन काढून टाका, नाहीतर हायड्रोजन घाला.

1967 साली इथे सुरू झालेल्या पहिल्या मोठ्या कारखान्याने पहिला मार्ग धरला. डांबर भट्टीतून वेगाने नेत 500 अंशांच्या आसपास तापवतात आणि उंच ड्रममध्ये सोडतात. तिथे रेणू तुटतात. हलके भाग वाफ होऊन वरून निघतात, त्यांतूनच पुढे डिझेल होतं. ड्रममध्ये उरतो दगडासारखा कोक, म्हणजे बाजूला काढलेला बहुतेक कार्बनच. एक ड्रम भरला की प्रवाह शेजारच्या ड्रमकडे वळवतात. भरलेला ड्रम आधी वाफेने, मग पाण्याने थंड करतात, तळाचं झाकण उघडतात आणि वरून प्रचंड दाबाच्या पाण्याचा झोत सोडून कोक कापून काढतात. काळं पाणी आणि काळे ढेकूळ धडधडत खाली कोसळतात. झाकण उघडण्याची वेळ सगळ्यात धोक्याची. कोकच्या पोटात कुठे गरम भाग राहिला असेल तर उकळतं पाणी आणि वाफ उसळते. हे काम करणाऱ्या ऑपरेटर मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे.

एडमंटन शहराजवळच्या स्कॉटफर्डच्या कारखान्यात दुसरा मार्ग आहे, हायड्रोजनचा. त्यात कोक उरत नाही आणि डांबराचा जास्त भाग इंधन होतो. पण तो हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो आणि सोबत कार्बन डायऑक्साइड निघतो. 2015 पासून त्यातला वर्षाला सुमारे दहा लाख टन वायू पकडून दोन किलोमीटर खोल खडकात सोडतात.

मला हाच मार्ग बरा वाटतो. खर्चिक आहे, आणि बराचसा वायू अजूनही हवेत जातोच. पण कोकचे ढीग रचत जाण्यापेक्षा यात पुढे काही करता येण्याची शक्यता जास्त आहे.