रश्टनचं तीन भिंतींचं घर

इंग्लंडमधल्या जुन्या जहागिरींच्या कडेला राखणदारांसाठी बांधलेली छोटी घरं असतात. त्यांना लॉज म्हणतात. मालकाच्या महालापेक्षा मला तीच जास्त ओढतात. त्यातलं सगळ्यात आगळं घर पाहायला लंडनच्या सेंट पँक्रसहून केटरिंगची गाडी पकडली. तासाभराचा प्रवास, पुढे टॅक्सीने रश्टन.

रश्टन हॉलच्या जुन्या आवाराच्या कोपऱ्यात, रस्त्यालगतच ते उभं आहे. फिकट आणि गडद चुनखडीच्या दगडांचे आडवे पट्टे. प्रदक्षिणा घातली, तर भिंती तीनच! प्रत्येक ३३ फुटांची. मजले तीन, प्रत्येक बाजूला दर मजल्यावर तीन खिडक्या, वर तीन-तीन त्रिकोणी शिखरं. वरच्या खिडक्यांचा आकार पाहून मला थेट बेलाचं पान आठवलं. हे त्रिदळ या जहागिरीच्या मालकांचं, ट्रेशम घराण्याचं चिन्ह.

सर टॉमस ट्रेशम कट्टर कॅथलिक. पहिल्या एलिझाबेथ या प्रोटेस्टंट राणीच्या काळात ही निष्ठा फार महागात पडायची. एडमंड कॅम्पियन या धर्मगुरूला आसरा दिल्याच्या आरोपावरून १५८१ मध्ये त्यांना धरलं. पुढची बरीच वर्षं तुरुंगात आणि नजरकैदेत गेली, जबर दंड भरावे लागले. सुटल्यावर, १५९३ ते १५९७ दरम्यान, त्यांनी हे घर बांधलं. कोणासाठी? जहागिरीतले ससे राखणाऱ्यासाठी. तेव्हा सशाच्या मांसाला आणि कातड्याला चांगली किंमत होती.

पण सशांच्या राखणदाराला असं घर कशाला लागतं? जे उघडपणे बोलायची सोय नव्हती, ते ट्रेशम यांनी दगडात कोरून घेतलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य इथे प्रत्येक मापात आहे. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, 'साक्ष देणारे तीन आहेत.' लॅटिनमध्ये तीन म्हणजे 'ट्रेस', आणि पत्नी पत्रांत त्यांना लाडाने 'ट्रेस'च म्हणायची. धर्म, आडनाव, घरातली हाक, तिन्ही एका शब्दात! मी त्या दारापाशी बराच वेळ थांबले.

आत मधली खोली षट्कोनी, कोपऱ्यांत चिंचोळ्या त्रिकोणी जागा, त्यातल्या एकीत गोल जिना. आतून फार अंधारं वाटलं.

पुन्हा बाहेर आले. एका भिंतीवर वरच्या बाजूला बायबलातली ओळ आहे: 'ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आम्हाला कोण वेगळं करील?' खाली उभं राहून तिची लॅटिन अक्षरं एकेक करून मोजली. बरोबर ३३.